मेंदूतील रोहिणीविस्फार : अडीच शतकांच्या उपचारांचा इतिहास

मानवी देहातील सर्व इंद्रियांचा राजा म्हणजे मेंदू होय. वजनाने तो देहाच्या सुमारे २ टक्के भरतो. परंतु हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सुमारे १५ टक्के रक्त एकट्या मेंदूकडे जाते. हे रक्त वाहून नेणाऱ्या नलिकांना शास्त्रीय मराठीत रोहिणी किंवा धमनी म्हणतात. बोलीभाषेत आपण सरसकट ‘नस’ म्हणतो. मेंदूच्या तळाशी या रोहिण्या एकमेकींना जोडल्या जाऊन एक कडे तयार होते. १६६४ साली इंग्लंडमधील वैद्य थॉमस विलिस यांनी या कड्याचे सविस्तर वर्णन केले. त्यांच्या ग्रंथातील आकृत्यांचे काम ख्रिस्तोफर रेन यांनी केले होते. लंडनचे सेंट पॉल चर्च बांधणारे स्थापत्यकार ते हेच. आजही या रचनेला ‘विलिसचे कडे’ असेच म्हणतात.

या लेखात ज्या रोगाचा विचार करावयाचा आहे, त्याचे घर बहुतांशी याच कड्याच्या आसपास असते. ‘अमक्याच्या डोक्याची नस फुटली आणि तो बसल्या जागी गेला’ अशी वार्ता प्रत्येक गावाने कधी ना कधी ऐकलेली असते. पूर्वी अशा मृत्यूस दैवाची इच्छा म्हणून स्वीकारण्यापलीकडे इलाज नव्हता. मात्र गेल्या अडीचशे वर्षांत वैद्यकशास्त्राने या रोगाविषयी जे ज्ञान संपादन केले, त्याचा इतिहास पाहिला म्हणजे असे दिसून येते की, या रोगाला असाध्य ठरविणारी गोष्ट पुष्कळदा रोग ही नसून उशीर ही होती. हा इतिहास बपेरासारख्या सीमेवरील गावाने जाणून घेण्याचे कारणही तेच आहे.

रोगाचे स्वरूप

कापडाचा तागा कितीही उंची असला तरी तो प्रथम विरतो तो घडीवर. रोहिणीचेही तसेच आहे. जेथे एका रोहिणीतून दुसरी शाखा फुटते, त्या दुभाजकावर रक्ताच्या प्रवाहाचा ताण सतत पडत असतो. वर्षानुवर्षांच्या ताणाने तेथील भिंत पातळ होते आणि तिला फुगा येतो. यालाच रोहिणीविस्फार किंवा इंग्रजी वैद्यकातील शब्दाने ॲन्युरिझम असे म्हणतात. बहुधा हा फुगा लहानशा बोरासारखा असतो. त्याला एक अरुंद मान आणि तिच्यापुढे गोल पिशवी असते. सुमारे १०० प्रौढ माणसांपैकी ३ जणांच्या मेंदूत असा फुगा असतो, असे अलीकडील अभ्यासांवरून दिसते. त्यांपैकी बहुतेकांना तो आयुष्यभर कळतही नाही आणि फुटतही नाही.

तो फुटला म्हणजे मात्र रक्त मेंदूभोवतीच्या आवरणांमधील पोकळीत पसरते. एका क्षणात असह्य डोकेदुखी होते, उलटी होते, मान ताठरते, प्रकाश सहन होत नाही आणि कित्येकदा शुद्ध हरपते. अशा रुग्णांपैकी १०० पैकी सुमारे १० ते १५ जण रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच मृत्यू पावतात. जे पोहोचतात, त्यांच्यापुढे दुसरे संकट उभे असते. फुटलेली जागा रक्ताच्या गुठळीने तात्पुरती बुजलेली असते. उपचार न झाल्यास ती पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या २४ तासांत सर्वाधिक असतो. दुसऱ्या रक्तस्रावातून वाचणारे फार थोडे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. डोक्यातील प्रत्येक रक्तस्राव रोहिणीविस्फारामुळे होत नाही. दीर्घकाळच्या अनियंत्रित रक्तदाबामुळे मेंदूच्या आतील बारीक रोहिणी फुटून होणारा रक्तस्राव अधिक प्रमाणात आढळतो व त्यातून अर्धांगवायू होतो. पक्षाघाताच्या एकूण रुग्णांत विस्फार फुटलेल्यांचे प्रमाण सुमारे ५ टक्केच असते. परंतु हा रोग तुलनेने कमी वयात, ऐन कर्तेपणाच्या काळात गाठतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक होतो. त्यामुळे त्याने होणारी कुटुंबाची हानी मोठी असते.

मृत्यूनंतरचे ज्ञान

रोहिणीला गाठ येते हे ज्ञान प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत ‘सिराज ग्रंथी’ नावाच्या गाठीचे वर्णन असून दुर्बल माणसाने अतिश्रम केल्याने ती उद्भवते व मर्मस्थानी असल्यास असाध्य ठरते, असा तिचा आशय आहे. काही अभ्यासक तिचा संबंध रोहिणीविस्फाराशी जोडतात. अर्थात हे वर्णन हाताला लागणाऱ्या गाठीचे आहे. कवटीच्या आतील फुग्याचे नव्हे. कवटीच्या आत पाहण्याचे साधन तेव्हा जगात कोणाकडेच नव्हते.

ते साधन प्रथम मिळाले तेही मृत्यूनंतरच. मिलान येथील फ्रान्सेस्को बिउमी यांनी १७६५ साली शवविच्छेदनात आढळलेल्या, मेंदूतील फुटलेल्या विस्फाराची नोंद केली. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, १८५९ साली, लंडनच्या गाय हॉस्पिटलमधील विल्यम गल यांनी अशा ६२ रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या. तरुण माणसाचा झटका येऊन मृत्यू झाला आणि मेंदूभोवती भरपूर रक्त आढळले, तर विस्फाराचा संशय घ्यावा, असे त्यांनी सांगितले. मात्र रुग्ण जिवंत असताना हा रोग निश्चितपणे ओळखण्याचा मार्ग त्यांच्यापाशी नव्हता. म्हणजेच बिउमींपासून गल यांच्यापर्यंतची सुमारे शंभर वर्षे वैद्य मृत्यूचे कारण सांगू शकत होते, मृत्यू टाळू शकत नव्हते.

जिवंतपणी निदान

१८९१ साली जर्मनीतील हाइन्रिख क्विंक यांनी पाठीच्या कण्यातून सुईने पाणी काढण्याची पद्धत प्रचारात आणली. हे पाणी मेंदूभोवतीच्या पोकळीशी जोडलेले असल्याने, त्यात रक्त आढळले म्हणजे मेंदूभोवती रक्तस्राव झाल्याचे जिवंतपणी कळू लागले.

पुढची पायरी एका तरुण डॉक्टरच्या आग्रहामुळे चढता आली. १९२० च्या दशकाच्या आरंभी चार्ल्स सिमंड्स हे इंग्लिश डॉक्टर अमेरिकेत बोस्टन येथे हार्वे कुशिंग यांच्याकडे काम करीत होते. कुशिंग हे त्या काळी मेंदूच्या शस्त्रक्रियेतील जगन्मान्य नाव. एका रुग्णाच्या मेंदूत गाठ असावी असे कुशिंग यांना वाटत होते. सिमंड्स यांनी मात्र लक्षणांवरून फुटलेल्या विस्फाराचे निदान केले. शवविच्छेदनात सिमंड्स यांचे म्हणणे खरे ठरले. हे निदान योगायोगाने जमले की त्यामागे काही आधार होता, ते सिद्ध करून दाखविण्यास कुशिंग यांनी त्यांना ग्रंथालयात बसविले. त्यातून १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात सिमंड्स यांनी अकस्मात डोकेदुखी, मानेचा ताठरपणा व पाठीच्या पाण्यातील रक्त हे या रोगाचे चित्र स्पष्ट केले. वरिष्ठाने आपली चूक मान्य करून कनिष्ठाला लिहिते करावे, हा प्रसंग वैद्यकाबाहेरील लोकांनीही लक्षात ठेवावा असा आहे.

विस्फार आहे हे कळले तरी तो नेमका कोठे आहे हे कळत नव्हते. पोर्तुगालमधील लिस्बन येथे एगास मोनिझ यांनी १९२७ साली मानेतील रोहिणीत क्ष-किरणांना दिसणारे द्रव्य सोडून मेंदूतील रोहिण्यांचे छायाचित्र जिवंत माणसात घेण्यात यश मिळविले. हीच अँजिओग्राफी होय. मृत्यूनंतर दिसणारी गोष्ट आता आधी दिसू लागली.

शस्त्रक्रियेचा आरंभ

विस्फारावर शस्त्रक्रिया करण्याची कल्पना त्याआधीची आहे. १७८५ साली लंडनचे शल्यविशारद जॉन हंटर यांनी पायातील विस्फारासाठी त्याच्या वरच्या बाजूस रोहिणी बांधून टाकली. पुढे ॲस्ली कूपर यांनी १८०८ साली मानेतील विस्फारासाठी तेथील मोठी रोहिणी बांधली व तो रुग्ण अनेक वर्षे जगला. मेंदूतील विस्फारासाठीही बराच काळ हाच उपाय चालला. परंतु त्यामुळे मेंदूचा रक्तपुरवठा तुटून अर्धांगवायू होण्याचे भय असे. पाण्याची गळती थांबविण्यासाठी संपूर्ण कालवाच बंद करण्यासारखा हा प्रकार होता.

१९३१ साली स्कॉटलंडमधील एडिनबरा येथे नॉर्मन डॉट यांच्याकडे एक वकील गृहस्थ आले. त्यांना वारंवार रक्तस्राव होऊन ते मरणाच्या दारी पोहोचले होते. डॉट यांनी कवटी उघडून विस्फार गाठला. शस्त्रक्रिया चालू असतानाच तो फुटला. डॉट यांनी रुग्णाच्या मांडीतील स्नायूचा तुकडा त्यावर सुमारे १२ मिनिटे दाबून धरला आणि रक्त थांबविले. नंतर त्याच स्नायूने फुगा गुंडाळून टाकला. ते वकील बरे झाले व त्यानंतर अनेक वर्षे जगले. मेंदूतील विस्फारावर ठरवून केलेली ही पहिली थेट शस्त्रक्रिया मानली जाते.

त्यानंतर सहा वर्षांनी, २३ मार्च १९३७ रोजी, अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात वॉल्टर डँडी यांनी एका ४३ वर्षांच्या पुरुषाच्या विस्फाराच्या मानेवर चांदीची लहान चिमटी बसविली. या रुग्णाची एका डोळ्याची पापणी खाली पडली होती; कारण फुगलेली रोहिणी डोळ्याच्या मज्जातंतूवर दाबत होती. चिमटी बसताच फुग्यात रक्त जाणे बंद झाले आणि मूळ रोहिणी वाहती राहिली. कालवा न थांबविता फक्त गळतीची जागा बंद करण्याचा हा मार्ग होता. पुढे धातू बदलले, चिमट्यांचे शेकडो आकार निघाले. परंतु ‘क्लिपिंग’ या शस्त्रक्रियेचे तत्त्व आजही तेच आहे.

भारतातील वाटचाल

स्वातंत्र्यप्राप्तीच्या वेळी भारतात मेंदूच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग नव्हता. १९४९ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. जेकब चँडी यांनी देशातील पहिला असा विभाग सुरू केला. त्यांनी कॅनडातील मॉन्ट्रियल येथे वाइल्डर पेनफिल्ड यांच्याकडे प्रशिक्षण घेतले होते. १९५० साली मद्रासच्या सरकारी रुग्णालयात डॉ. बी. राममूर्ती यांनी काम आरंभिले. १९५१ साली न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली.

महाराष्ट्रात या शास्त्राचा पाया १९५० च्या दशकात मुंबईत घातला गेला. डॉ. राम गिंडे, के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. होमी दस्तूर आणि जे. जे. रुग्णालयातील डॉ. गजेंद्र सिंह ही त्या पिढीतील अग्रणी नावे. डॉ. गिंडे हे प्रसिद्ध गायक पं. के. जी. गिंडे यांचे ज्येष्ठ बंधू होत. पुढे के. ई. एम. मध्ये डॉ. सुनील पंड्या यांनी हा वारसा चालविला व भारतातील मेंदूशल्यशास्त्राचा इतिहासही परिश्रमपूर्वक लिहून ठेवला. विदर्भापुरते पाहावयाचे तर नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ साली सुरू झाले. भंडारा, गोंदिया, बालाघाट या भागांतील रुग्णांची पावले तेव्हापासून ‘मेडिकल’कडे वळू लागली. मात्र मेंदूविकारांवरील विशेष उपचार नागपुरात रुजण्यास पुढे आणखी काही दशके जावी लागली.

या काळातील एक प्रश्न विशेष विचार करण्यासारखा आहे. भारतीय लोकांमध्ये मेंदूतील रोहिणीविस्फार पाश्चात्त्यांच्या मानाने दुर्मीळ असतो, असे मत त्या वेळी प्रचलित होते. १९६९ साली डॉ. राममूर्ती यांनी भारतातील विस्फाराच्या प्रमाणाविषयी आपला निबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. रुग्णालयांत आढळणारे आकडे खरोखरच लहान होते. आहार, वंश, राहणी अशी अनेक कारणे चर्चेत येत राहिली. परंतु पुढे जसजसे स्कॅनचे यंत्र शहरोशहरी पोहोचले व अँजिओग्राफी सुलभ झाली, तसतसे मोठ्या रुग्णालयांतील रुग्णांचे आकडे वाढत गेले. पूर्वीच्या लहान आकड्यांमागे रुग्ण न पोहोचणे व निदान न होणे ही कारणे मोठी असावीत, असे अनेक भारतीय तज्ज्ञांनी नोंदविले आहे.

याचा अर्थ सरळ आहे. दुकानाच्या वहीत ज्या गिऱ्हाइकाची नोंद नाही, ते गिऱ्हाईक जगातच नाही असे कोणी व्यापारी म्हणणार नाही. रुग्णालयाच्या वहीतही दारापर्यंत आलेल्यांचीच नोंद होते. जो माणूस शेतावर, बैलगाडीत किंवा तालुक्याच्या वाटेवर गेला, त्याच्या रोगाचे नाव कोणत्याही निबंधात आले नाही. त्याच्या घरी ‘झटका आला’ एवढेच सांगितले गेले.

सूक्ष्मदर्शक, स्कॅन आणि औषध

१९६० नंतरच्या पंचवीस वर्षांत या रोगाच्या उपचारांत तीन मोठे बदल झाले. पहिला बदल दृष्टीचा. स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे गाझी याशारगिल यांनी १९६७ पासून विस्फाराची शस्त्रक्रिया सूक्ष्मदर्शकाखाली करण्यास आरंभ केला. केसाएवढ्या बारीक शाखा स्पष्ट दिसू लागल्याने त्या वाचविता येऊ लागल्या. जगभरच्या मेंदूशल्यविशारदांनी ही पद्धत स्वीकारली.

दुसरा बदल निदानाचा. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या सीटी स्कॅन यंत्रावर पहिल्या रुग्णाची तपासणी लंडनमध्ये १ ऑक्टोबर १९७१ रोजी झाली. मेंदूभोवतीचे रक्त आता सुई न टोचता काही मिनिटांत दिसू लागले. येथेही वेळेचे महत्त्व आहे. पहिल्या ६ तासांत चांगल्या यंत्रावर केलेल्या व जाणत्या डोळ्यांनी पाहिलेल्या स्कॅनमध्ये हा रक्तस्राव क्वचितच सुटतो. दिवस उलटत गेले की रक्त विरत जाते आणि स्कॅन निर्दोष दिसू शकतो. तेव्हा पुन्हा पाठीच्या पाण्याची तपासणी करावी लागते.

तिसरा बदल औषधाचा. रक्तस्राव झाल्यानंतर साधारणपणे चौथ्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान मेंदूतील रोहिण्या आकुंचन पावतात व वाचलेल्या रुग्णाला पुन्हा अर्धांगवायू होतो, असा अनुभव होता. निमोडिपिन नावाच्या औषधाचा उपयोग १९८३ साली अमेरिकेतील व १९८९ साली ब्रिटनमधील चाचणीत सिद्ध झाला. ब्रिटिश चाचणीत मेंदूला होणारी ही दुय्यम इजा सुमारे एक तृतीयांशाने कमी झाली. हे औषध आजही २१ दिवस दिले जाते.

याच काळात शस्त्रक्रिया केव्हा करावी, हा वादही चालू होता. सुजलेल्या मेंदूवर लगेच शस्त्र चालवू नये, दोन आठवडे थांबावे, असे जुने मत होते. परंतु त्या दोन आठवड्यांतच कित्येक रुग्ण दुसऱ्या रक्तस्रावाने जात. १४ देशांतील ३५२१ रुग्णांचा मोठा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. त्यात लवकर व उशिरा शस्त्रक्रियेचे एकूण निकाल जवळपास सारखे आले. सातव्या ते दहाव्या दिवसांत केलेल्या शस्त्रक्रियेचे निकाल मात्र सर्वांत वाईट होते. तंत्र सुधारत गेले तसा कौल लवकर उपचारांकडे झुकला. आज शक्य तितक्या लवकर, बहुधा पहिल्या २४ तासांत, विस्फार बंद करावा असे मानले जाते.

कवटी न उघडता उपचार

विस्फारापर्यंत बाहेरून पोहोचण्याऐवजी रोहिणीच्या आतूनच का जाऊ नये, हा विचार रशियातील फ्योदोर सर्बिनेन्को यांनी १९७० च्या दशकात लहान फुग्यांच्या साहाय्याने प्रत्यक्षात आणला. त्यानंतर इटलीचे ग्विदो गुग्लिएल्मी यांनी अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे प्लॅटिनमच्या अतिमऊ तारेचे वेटोळे तयार केले. मांडीतील रोहिणीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन तिच्यातून ही तार फुग्यात भरावयाची आणि विजेच्या मंद प्रवाहाने ती नळीपासून सुटी करावयाची, अशी ही युक्ती. तारेच्या वेटोळ्यात रक्त गोठते व फुगा आतून बंद होतो. १९९० साली पहिल्या रुग्णावर तिचा उपयोग झाला आणि १९९५ साली अमेरिकी शासनाची मान्यता मिळाली. ‘कॉइलिंग’ म्हणतात ते हेच.

क्लिप बरी की कॉइल, याचा निवाडा करण्यासाठी झालेली आंतरराष्ट्रीय चाचणी २००२ साली प्रसिद्ध झाली. तीत २१४३ रुग्ण होते व त्यांचे विस्फार दोन्ही पद्धतींनी उपचार करता येण्याजोगे होते. एका वर्षाअखेर मृत्यू पावलेले किंवा परावलंबी झालेले रुग्ण कॉइलच्या गटात २३.७ टक्के, तर शस्त्रक्रियेच्या गटात ३०.६ टक्के आढळले. तथापि कॉइल केलेला फुगा पुन्हा भरण्याची शक्यता अधिक असल्याने त्या रुग्णांना नंतर तपासण्या कराव्या लागतात. फुग्याची जागा, मानेची रुंदी, रुग्णाचे वय व प्रकृती पाहून आजही दोन्ही मार्ग वापरले जातात. २०११ पासून विणलेल्या जाळीची नळी रोहिणीत बसवून प्रवाहच फुग्यापासून वळविण्याचा तिसरा मार्गही रूढ झाला आहे.

न फुटलेला विस्फार

स्कॅनच्या प्रसारामुळे एक नवा प्रश्न उभा राहिला. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत न फुटलेला विस्फार आढळतो आणि कुटुंबाची झोप उडते. येथे घाई हितावह नाही. जपानमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत असे विस्फार फुटण्याचे प्रमाण वर्षाला १०० मागे सुमारे १ आढळले. लहान विस्फारांत ते याहूनही कमी असते. उपचारांतही धोका असतोच. त्यामुळे आकार, जागा व वय यांचा विचार करून कित्येकदा केवळ ठरावीक काळाने तपासणी करीत राहणे हाच योग्य सल्ला ठरतो.

फुगा निर्माण होणे व फुटणे या दोहोंना साहाय्य करणारी, परंतु माणसाच्या हातात असलेली कारणे दोन : उच्च रक्तदाब आणि धूम्रपान. भंडारा-गोंदियाचा परिसर तेंदूपाने व विडीच्या धंद्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे. त्या धंद्याने अनेकांची चूल पेटविली हे खरे. परंतु त्याच विडीचा धूर रोहिणीची भिंत दुबळी करतो हेही तितकेच खरे. ज्या घरात आईवडील, भाऊबहीण अशा निकटच्या नात्यातील दोन किंवा अधिक व्यक्तींना हा रोग झाला असेल, अथवा मूत्रपिंडात अनेक गाठी होण्याचा आनुवंशिक विकार असेल, तेथे तज्ज्ञांकडून तपासणीचा सल्ला अवश्य घ्यावा.

बपेरा ते नागपूर

बपेरा हे तुमसर तालुक्यातील, मध्य प्रदेशाच्या सीमेलगतचे गाव. येथून सिहोरामार्गे तुमसर, तुमसरहून मोहाडीमार्गे भंडारा आणि भंडाऱ्याहून सुमारे ६० किलोमीटरवर नागपूर, असा हा एकूण शंभर किलोमीटरहून अधिक पल्ला आहे. मेंदूतील विस्फारावर उपचार करणारे तज्ज्ञ व यंत्रसामग्री नागपुरातच मिळते. एके काळी हा पल्ला म्हणजेच मृत्यू होता.

आज परिस्थिती पालटली आहे. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू आहे. नागपुरात शासकीय महाविद्यालयाच्या जोडीला खासगी मेंदूरुग्णालये उभी राहिली. २०१८ साली एम्स ही केंद्र शासनाची संस्था सुरू झाली व ११ डिसेंबर २०२२ रोजी तिचे लोकार्पण झाले. खर्चाच्या बाबतीत राज्य शासनाने २०१२ साली काही जिल्ह्यांत व २०१३ साली सर्व राज्यात आणलेली जीवनदायी आरोग्य योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. २०२४ पासून तिचे संरक्षण प्रतिकुटुंब ५ लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आले आहे. मेंदूच्या शस्त्रक्रियांचा तीत समावेश आहे. कोणते रुग्णालय व कोणता उपचार योजनेत बसतो, याची चौकशी तेथील आरोग्यमित्राकडे करावी.

रस्ता झाला, गाडी आली, रुग्णालय उभे राहिले. तरीही एक अंतर शिल्लक राहते, ते घराच्या उंबरठ्यापासून गाडीपर्यंतचे. ‘पित्ताने डोके दुखत असेल’, ‘ऊन लागले असेल’, ‘सकाळपर्यंत पाहू’ या तीन वाक्यांत मोलाचे तास निघून जातात. कित्येक रुग्णांना मोठ्या रक्तस्रावाच्या काही दिवस आधी एकदा तीव्र डोकेदुखी होऊन गेलेली असते. ती इशाऱ्याची घंटा असते आणि तिच्याकडे दुर्लक्ष झालेले असते.

म्हणून सिमंड्स यांनी शंभर वर्षांपूर्वी रेखाटलेले चित्र प्रत्येक घराने ध्यानात ठेवावे. आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी एका क्षणात सुरू होणे, त्यासोबत उलटी, मान ताठरणे, भोवळ किंवा शुद्ध हरपणे. अथवा डँडी यांच्या रुग्णाप्रमाणे एका डोळ्याची पापणी अकस्मात पडणे व बाहुली मोठी होणे, ही लक्षणे दिसताच १०८ ला फोन करावा. रुग्णाला आडवे निजवावे, चालवू नये. शुद्ध मंदावली असल्यास तोंडाने पाणी, चहा, औषध काहीही देऊ नये व त्याला कुशीवर वळवावे. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ॲस्पिरिनसारखी गोळी देऊ नये. तिने रक्त गोठण्यास अडथळा येतो. जेथे सीटी स्कॅनची सोय आहे अशाच ठिकाणी रुग्णास न्यावे आणि लक्षणे नेमकी किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवावे. डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो.

समारोप

मिलानच्या शवागारातून सुरू झालेली ही वाट लिस्बन, एडिनबरा, बाल्टिमोर, झुरिक करीत वेल्लोर, मुंबई आणि नागपूरपर्यंत आली. या वाटेवर कोणा एकाचे श्रेय नाही. चांदीच्या चिमटीइतकेच मांडीच्या स्नायूच्या तुकड्याचे आणि प्लॅटिनमच्या तारेइतकेच ग्रंथालयात बसून लिहिलेल्या निबंधाचेही मोल आहे. आजही हा रोग सौम्य झालेला नाही. सर्व उपचार वेळेवर मिळूनही काही रुग्ण दगावतात, काहींना अपंगत्व येते, हे सत्य लपविण्याचे कारण नाही. परंतु पूर्वी जेथे आशा फारच थोडी होती, तेथे आज अनेकजण आपल्या पायांनी घरी परततात.

डॉक्टरांनी अडीचशे वर्षे खपून आपला वाटा उचलला आहे. उरलेला लहानसा वाटा घरातील माणसांचा आहे. तो उचलण्यास पदवी लागत नाही, पैसा लागत नाही; अकस्मात उठलेल्या डोकेदुखीला सकाळपर्यंत न थांबविण्याची सावधता तेवढी लागते. बपेरा व परिसरातील प्रत्येक कुटुंबात ती नांदो आणि कोणाच्याही अंगणात केवळ उशिरामुळे शोक करण्याची वेळ न येवो, हीच सदिच्छा.